गरम पाण्याची चोरी

७ फेब्रुवारी
गच्चीवर सोलर बसला. चेतना माझी हितंच बाळंत झाली. तिची सासू बार्शीहून फोनवर म्हणली, गरम पाण्याची सोय नसंल तर आमी घेऊन जातो. आता या म्हणावं! सवा महिना लेक हितनं हलत न्हाय.

८ फेब्रुवारी
पाणी फर्स्ट क्लास. विहीणबाईंना फोन करून सांगितलं. दोनदा.

१० फेब्रुवारी
सोलरची काच बघून आले. लई ऊन धरती. वाया का घालवा? वर जाड चादर अंथरली, कुरडया घातल्या. घसरायला लागल्या तर खाली विटा लावल्या. डोकं लागतं.

११ फेब्रुवारी, सकाळी
पाणी कोमट. बाळाला न्हाऊ घालणारी सोजरबाई म्हणली, ह्याच्यापरीस तुमचा चहा गरम असतो, आन् तोबी निवलेला देता. आगाव बाई.
पण पाणी गेलं कुटं? वरच्या खोलीत भाडेकरू गिरिजाबाई. रोज केस ओले. एवढं न्हायला हिला काय झालंय?

१२ फेब्रुवारी
चेतना म्हणली, आई, गॅसवर तापव की. का म्हणून? सोलर काय शोभेला हाय? चोर सापडल्याबिगर गॅसवर पातेलं चढणार न्हाय.

१३ फेब्रुवारी
गिरिजाबाईचा गरम पाण्याचा नळ बंद. गच्चीला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला.
संध्याकाळी आली तोंड वर करून. म्हणली, अवो मावशी, ती चादर काढा की, काच झाकल्यावर पाणी तापंल कसं?
व्हय की! कुरडयांवर डोळा हाय बाईचा. नजर लागू नये म्हणून वरनं आणखी एक चादर टाकली.

१५ फेब्रुवारी
पाणी माठातल्यासारखं. म्हणजे हिच्याकडं दुसरी किल्ली हाय. बाळ रडून रडून लाल झालं. चेतना माझ्याशी बोलंना. बोलंल. चोर धरला की बोलंल.

१७ फेब्रुवारी
विहीणबाई सकाळीच हजर. पाण्यात बोट घातलं, पदराला पुसलं, बॅग भरायला घेतली. मी म्हणलं, उद्याच्याला चोर धरते. चेतना म्हणली, आई, चोर ऱ्हाऊ दे तुला, मला गरम पाणी पायजे.
गेली. लेकीला मोकळ्या हातानं कशी धाडू? सगळ्या कुरडया त्या दोन्ही चादरींत बांधून गाडीत घातल्या.

१८ फेब्रुवारी
नळ सोडला तर हात पोळला. नुसती वाफ!
आलं ध्यानात. गिरिजाबाईला माझी लेक घालवायची होती. घालवली, आता चोरी बंद.
सवयीनं बाळाची बादली भरली. निवली. तुळशीला घातली.