व्होस्लरबाईंनी मला पाण्यातून काढलं त्याची हकीकत

हासेनबेक, १४ सप्टेंबर

ती. हेडविगमावशीस, एगबर्टचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. काकांचा खोकला आणि त्यांची मतं, दोन्ही आटोक्यात असावीत. आम्ही सगळे ठीक.

मी महापौरपदाची निवडणूक हरलो, हे तू दोन वर्षांपूर्वी पेपरात वाचलंस. कसा हरलो, ते त्यात नव्हतं. आमच्या शाळेतल्या इर्मट्राउड व्होस्लरबाई तुला आठवत नसतील. चौतीस वर्षं त्यांनी गणित आणि पोहणं शिकवलं. गावात असा माणूस नाही, ज्याची हनुवटी त्यांनी पाण्याच्या वर धरलेली नाही. (एक आहे. तो हे पत्र लिहितोय. नऊ वर्षांचा असताना दर गुरुवारी, नेमका पोहण्याच्या तासाला, माझा कान दुखायचा.)

बाई निवृत्त होऊन घरामागे गूसबेरी लावत होत्या, तेवढ्यात मी नगरपरिषदेत ठराव आणला की गावचा पोहण्याचा तलाव बंद करावा, टाइल्स फुटल्यात, मुलांनी शेजारच्या गावी जावं. बाई प्रेक्षकांत बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि जुन्या महापौरांच्या तोंडून आपोआप निघालं, "बोला, बाई." (तेही त्यांचेच विद्यार्थी.) त्यांनी एवढंच विचारलं, "शनिवारी तिकडे बस जाते का, एगबर्ट?" मी उभा राहूनच म्हणालो, "नाही, बाई." पुढच्या आठवड्यात त्यांनी महापौरपदासाठी माझ्याविरुद्ध अर्ज भरला, कुठल्याही पक्षाशिवाय. आम्ही पक्षाच्या बैठकीत पोट धरून हसलो.

मग आमच्या लोकांना सुचलं की उमेदवाराचा फोटो तलावाच्या काठी, फुटक्या टाइल्सकडे बोट दाखवताना काढावा. जून महिना, अर्धं गाव पाण्यात, बाईही पत्रकं वाटायला आलेल्या. मी बोट दाखवलं, पाय सटकला आणि सूट, टाय, दोनशे पत्रकांसकट खोल बाजूला पडलो. मावशी, खाली फार हिरवं असतं. मला खरोखर वाटलं की आता संपलं. मग कोणीतरी हनुवटीला धरून वर ओढलं. बाई. सहासष्ट वर्षांच्या, अंगात चांगला स्कर्ट. त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "पाय मार, एगबर्ट. सगळे बघतायत. तुला पोहता येतं असं दिसू दे." मी पाय मारले. वार्ताहराने विचारलं तर म्हणाल्या, "वाचवायचं काय त्यात? आम्हा दोघांना उकडत होतं." "याला पोहता येत नाही" एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर निवडणूक तिथेच त्यांच्या हातात होती, आणि त्यांनी ती खुशाल पाण्यात सोडली. मतदानाच्या दिवशी पडद्याआड मी स्वतःच्या नावाकडे बराच वेळ पाहिलं आणि खालच्या नावापुढे फुली मारली.

तरीही सांगतो, बाई काही देवी नाहीत. बैठकीआधी सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा करतात, आणि गेल्या वर्षीच्या वसंतात राज्याच्या मंत्र्यांना "आधी खाली बसा" म्हणाल्या, त्यामुळे आमचा रस्ता वर्षभर रखडला. पण तलाव उघडा आहे. पूर्वी मध्यरात्रीपर्यंत चालणारी बैठक साडेसातला संपते, आणि त्या "हो" म्हणाल्या की काम होतं, "नाही" म्हणाल्या की कारण सांगतात. सकाळी सहाला, कोणी नसताना, त्या मला पोहायला शिकवतात. आता मी एक अख्खी लांबी कापतो.

काकांना नमस्कार, तुला प्रेम.

तुझा,
एगबर्ट

ता. क. बाई आता राज्याच्या विधानसभेला उभ्या आहेत आणि तुमचं ओस्टरडाम त्याच मतदारसंघात येतं. तू चाळीस वर्षं आपल्या पक्षालाच मत दिलंस, हे मला माहीत आहे. यंदा बाईंना दे, आणि तुझ्या शिवणवर्गातल्या सगळ्या बायकांनाही सांग.

ता. क. २. काकांना यातलं काही कळू देऊ नकोस. ते आपल्या पक्षाचे तिथले सचिव आहेत, आणि मी अजून इथला अध्यक्ष आहे.