पोटाची नोंदणी अजून गावचीच

ती. थोरले दादा आणि वहिनी यांना माओलिनचा वाकून नमस्कार.

दादा, गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. आम्ही मजेत आहोत. मी अजून लिफ्ट दुरुस्त करतो आणि सरकारदरबारी अजून शेतकरीच आहे (गव्हाची ओंबी शेवटची कधी पाहिली ते आठवत नाही, पण शांघायात केस पिकले तरी रहिवासाची सरकारी नोंदणी गान्सूच्या गावची, म्हणून इथे आपण 'बाहेरचे').

तर आपल्या याचिनचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच दवाखान्यात आहे, गुणी आहे. अडचण होती ती त्याच्या आईची. शेनबाई पिढीजात शांघायच्या, आणि 'बाहेरचे' हा शब्द त्या अशा काही उच्चारतात, की माणसाला आपली चप्पल उलटून बघावीशी वाटते.

बोलणी करायला त्यांनी हॉटेलात बोलावलं. मी तोंड उघडायचंच नाही असं ठरवलं होतं (उघडलं की गान्सू बाहेर पडतं). घसा बसलाय म्हणून सांगितलं आणि ऐन उकाड्यात मफलर गुंडाळून बसलो. कोळंबी वाढता वाढता (माणशी एक, तीही गोड) शेनबाईंनी विचारलंच, "मुलीची नोंदणी कुठली म्हणालात?" मी खोकलो. याचिनने मात्र जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "गावची. इथली नोंदणी नाही म्हणून इथल्या परीक्षेला बसू देत नव्हते. मग गावी काकांकडे राहून शिकले. काकू पहाटे उठून डबा करून द्यायची." दादा, पोरगी इतक्या शांतपणे बोलली, की मला त्या मफलरची लाज वाटली. शेनबाई "अस्सं" म्हणाल्या आणि चहाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, मोडलं.

निरोपाचं बोलणं लांबलं तसा मी हळूच सटकलो. पोटात कावळे ओरडत होते. समोरच्या गल्लीत नूडल्सचं दुकान दिसलं, आत शिरलो, तर कोपऱ्यात मुलाचे वडील, जेवणभर अवाक्षर न काढलेले ताओसाहेब, वाडग्यात तोंड घालून बसलेले. हातात कच्चा लसूण.

"तुमचा घसा बसलाय ना?"

"बरा झाला."

त्यांनी एक पाकळी माझ्यापुढे केली. "मीही खेड्यातलाच. सैन्यात होतो म्हणून इथली नोंदणी मिळाली. पोटाची मात्र अजून गावचीच आहे. घरात लसूण चालत नाही हो."

दुसरा वाडगा रंगात आला होता, तेवढ्यात शेनबाई दारात. मागे याचिन आणि तिचा नवरामुलगा. बाईंनी वास घेतला, आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, रुमालाने स्टूल पुसलं आणि बसल्या. "लग्नात या दोघांना एकाच टेबलावर बसव," त्या याचिनला म्हणाल्या, "दाराजवळ. आणि तुझ्या त्या काकूंना पुढे, माझ्या शेजारी."

वहिनी, नवीन कोट शिवायला टाका.

तुमचा धाकटा,
माओलिन

ता. क. वसंतोत्सवाला आम्ही सगळे गावी येतोय, शेनबाईही. अंगणातल्या संडासाला दार बसवून घ्या, आतून कडी लागणारं.

आणखी एक. गावची नोंदणी असली की घरासाठी जागा मिळते, पुढे भाजीपाल्याला अंगण, हे शेनबाईंना कुठूनसं कळलंय. तशी नोंदणी आपल्याला मिळेल का, असं त्या काल मला हळूच विचारत होत्या. तुम्ही गावसमितीत, म्हणून तुम्हालाही विचारतील. लगेच नाही म्हणू नका. आधी चहा द्या, गुडघ्याबद्दल सविस्तर बोला, आणि मग सावकाश सांगा, की बाहेरच्यांना देत नाहीत.