ते अंघोळीला गेलेत

ती. आईंना सुनेचा वाकून नमस्कार.

आठवतं ना, सकाळी मी भांडी घासत असायचे, तुम्ही भाजी निवडत असायचात, आणि यांचा फोन वाजला की तो उचलून दोघी एकदम ओरडायचो, "ते अंघोळीला गेलेत!"

मी इथे कामाच्या ठिकाणी ठणठणीत आहे. ज्या आजींना सांभाळते, त्या मला जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. तुमचे गुडघे कसे आहेत?

एक गोष्ट सांगायची लाज वाटते. तुम्हाला यांचाच नंबर पाठ आहे, म्हणून तो मी इथेही चालू ठेवलाय. परवा त्या नंबरचा करार वाढवायला मोबाईल कंपनीत फोन केला. तिथली बाई म्हणाली, "करार ज्यांच्या नावावर आहे, त्यांना फोन द्या."

माझ्या तोंडून निघालं, "ते अंघोळीला गेलेत."

"बरं, थांबते," ती म्हणाली.

आई, तीन वर्षं झाली, तरी मी फोन धरून बाथरूमच्या दाराकडे बघत बसले. मग घाबरून ठेवून दिला. तुमच्या मुलाच्या नावाने खोटं बोलले, मला माफ करा.

काल मी पुन्हा फोन केला, हे वारल्याचं सांगितलं आणि करार माझ्या नावावर करायचा अर्ज भरला. नंबर तोच राहील.

तुमची,
थोरली सून