मलई रंगाचं कापड आणि बाबांचा हात

१० नोव्हेंबर, सोमवार

घासायचं नाही! किती वेळा सांगायचं? टिपायचं. फडकं ओलं करून जवळजवळ कोरडं होईपर्यंत पिळायचं, डागावर ठेवायचं, उचलायचं, बाजू बदलायची. एवढंच. आणि बाबा? करपलेलं पातेलं हाती लागल्यासारखे तुटून पडतात.

याच पायी मागच्या महिन्यात एका गाडीचं छत उतरलं. आतल्या कापडामागे पातळ फोम असतो, तो गोंदाने चिकटवलेला. पाणी मुरलं की गोंद सुटतो आणि कापड तंबूसारखं लोंबतं. मालक गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडून गेला – "तीस वर्षं गाड्या धुताय की म्हशी?" बाबा नुसते हसले.

आणि आता वकीलबाईंची गाडी. आतून सगळी मलई रंगाची, छताला आणि दारांना मऊ लव असलेलं कापड. त्यांच्या भाच्याने आत बसून शीतपेयाची बाटली हलवून उघडली. छतावर सतरा ठिपके, डाव्या दारावर ओघळ. बाई म्हणाल्या, "एखादा डाग राहिला तर चालवून घेईन. कापड बिघडलं तर मात्र – मी काय काम करते ते माहीत आहे ना?" शुक्रवारी चार वाजता गाडी न्यायला येणार.

बाबा म्हणतात, "शुक्रवार कशाला? उद्याच या की!"

कपाळ माझं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नियम लिहून भिंतीवर लावले. आधी कोरडी धूळ काढा. दिसणार नाही अशा जागी करून बघा. पाणी फडक्यावर मारा, कापडावर कधीही नाही! टिपा. सावलीत वाळू द्या. ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून.

शेजारच्या दुकानात गाड्या रंगवणारे रंगारीमामा आले, हात मागे बांधून सगळं वाचलं आणि म्हणाले, "शास्त्रज्ञबाई, एक राहिलं. गाडी झोपलेली असेल तर उठवू नका." बाबा खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून हसत होते!

मी म्हटलं, डिस्टिल्ड वॉटर लागेल, नळाच्या पाण्याचे डाग उरतात. तर बाबा – "बॅटरीचं पाणी म्हण की. एवढं शिकून साधं नाव येईना होय?"

घरी आईचं तेच. "प्रयोगशाळेतली नोकरी सोडून फडकी पिळायला आली! याला रसायनशास्त्र लागतं का?" लागतं. तेच तर मला दाखवायचं आहे. हाताच्या कामाला ज्ञानाची जोड मिळाली तर कोणी उठून बाबांना म्हशी धुणारा म्हणणार नाही. एवढ्यासाठी आले मी. पण ज्यांच्यासाठी आले त्यांनी तरी ऐकावं!

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुढच्या काचेवर ऊन अडवायला असते त्या झडपेमागे आधी करून पाहिलं – कापडाचा रंग जात नाही. छताचे सतराच्या सतरा ठिपके निघाले. मी काढले. एकटीने.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तासभर बाहेर गेले. फक्त एक तास! बॅटरीचं पाणी संपलं होतं.

परत येते तर बाबा डाव्या दाराशी उकिडवे बसलेले. "म्हटलं, तुझं काम हलकं करावं." तळहाताएवढ्या जागेत लव चेपून चकचकीत झालेली, आणि दार चिंब.

"किती ओलं केलंत हे!"

"ओलं कुठे? चांगलं कोरडं पिळलं होतं."

मी त्यांच्या हातातलं फडकं घेऊन त्यांच्यासमोर पिळलं. पाण्याची धार लागली. बाबा त्या धारेकडे बघत राहिले. धडधडीत पुरावा समोर असताना कोरडं म्हणायचं? माझ्याशी खोटं?

मग मी बोलले. रंगारीमामांच्या देखत बोलले. "उद्यापासून आतल्या कापडाला तुम्ही हात लावायचा नाही. तुम्ही आपले टायर धुवा."

वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. "बरं बाई," म्हणाले, आणि बादली उचलून मागे गेले. रंगारीमामांनीही विनोद केला नाही.

दोन तास मऊ ब्रशने लव उचलत बसले. बरीचशी उठली.

माझंच बरोबर होतं. होतंच!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी तीन. सगळं झालेलं, फक्त पायाखालच्या चटया बसवायच्या राहिल्या होत्या. तेवढं काम बाबांना दिलं, मुद्दाम. कालचं मनात राहायला नको म्हणून. चटई सीटखाली सारताना तिथल्या लोखंडी पट्टीची धार लागली असणार. बाबा दाराला धरून उठले आणि दाराच्या कापडावर लाल फराटा!

मी किंचाळले. "हात लावू नका म्हटलं होतं ना!"

बाबांनी दाराकडे पाहिलं, मग रंगारीमामांना हाक मारली. "काय रे, तुझा रंग इथे कुठून आला?"

मामा आले, बघितलं आणि ओरडले, "अरे बाबा, रंग कसला! तुझं बोट फाटलंय!"

बाबांनी हात वर धरला. रक्त मनगटापर्यंत आलेलं. "अरेच्चा," म्हणाले.

मामांनी त्यांना दवाखान्यात नेलं. मी दाराशी. रक्ताला गार पाणीच हवं, गरम लावलं तर डाग कायमचा. टिपलं, बाजू बदलली, टिपलं. चार वाजायच्या आत निघालं.

वकीलबाईंनी चष्मा लावून छत पाहिलं, दारांवरून हात फिरवला. "अगदी नव्यासारखं. तुमच्या वडिलांचा हात हलका आहे हो." मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

मामा परत येऊन सांगत होते – "चार टाके! आणि हा पठ्ठ्या डॉक्टरला विचारतोय, तुमची गाडी कुठे धुता? बधिर करायचं इंजेक्शनसुद्धा नको म्हणाला. वाघ आहे वाघ!"

बाबा हसले. काल फडक्याच्या धारेकडे बघताना हसत नव्हते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी बाबांना बाकावर बसवलं. हात पुढे करायला लावले, डोळे मिटायला लावले. टाचणी घेतली. म्हटलं, "टोचलं की सांगा."

पट्टीचं बोट सोडून नऊ बोटं झाली.

बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "अगं, कर की सुरू."