छपराला लंब

२ जून

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. हे सगळे फोनवर बोलता आले असते असे तू लिहितोस. परंतु फोनवर तू प्रत्येक वाक्याला 'हो, हो' म्हणतोस आणि मग मनाला येईल ते करतोस. कागद समोर असला की निदान नाकबूल करता येत नाही.

माळ्यावरच्या खोलीला माझ्यासाठी न्हाणीघर जोडता आहात, याचे समाधान आहे. मात्र प्लंबर हवेचा नळ बसवायला टाळाटाळ करतो आहे हे वाचून मी खुर्चीवरून उठले, ती अजून बसलेली नाही. त्याला सांग, ही चैन नव्हे. पाणी जोराने खाली गेले की मागून हवा ओढते. हवेला वरून वाट नसेल, तर बेसिनखालच्या वळणात साठून राहिलेले पाणीही त्याच्यामागे जाते आणि मग गटाराचा वास व आपण यांच्यामध्ये काहीच उरत नाही. तेव्हा मलवाहिनीवरचा नळ छपरातून आरपार बाहेर निघालाच पाहिजे. त्याचे तोंड खिडकीपासून दूर हवे, आणि नळ छपराला लंब असावा. एका अंशाचाही कल मला चालणार नाही. हे वाक्य मी तोलून लिहिले आहे. त्यात कोणी आपल्या अकलेची भर घालू नये.

नोकरी संपली, तसे कॉलेजने दिलेले हे घरही महिनाअखेर सोडायचे आहे. निवृत्त शिक्षिकांच्या वसतिगृहात एक खोली माझ्यासाठी राखून ठेवली आहे. तिला मी होकार दिलेला नाही, नकारही नाही. खोकी बांधते, सोडते, पुन्हा बांधते. उघडलेल्या खोक्यापाशी उभी राहिले की काय शोधायला आले होते तेच आठवत नाही. मी तुमच्याकडे कायमचे यावे हे तुझ्या बायकोला मनापासून हवे आहे का, ते तू एकदाही लिहिलेले नाहीस. तुझ्या पत्रांत व्याकरणाच्या चुका असतात, पण अशी गाळलेली जागा नसते.

लोभ आहे तेवढा टिकवावा. वाढवण्याची आश्वासने नकोत.

तुझी,
ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी कामावर होतो, म्हणून हिने तुझं पत्र प्लंबरला मोठ्याने वाचून दाखवलं. 'मलवाहिनी' ऐकून त्याने विचारलं म्हणे, या बाई कोण, आणि त्या कधी येणार आहेत.

नळ बसला. बादल्यांवर बादल्या ओतून पाहिल्या, बेसिन गुडगुडत नाही. परवा चांगला झोडपून पाऊस झाला, आत थेंब नाही. फोटो पाठवतोय. तो बघून लगेच लिहायला बसू नकोस, आधी घोटभर पाणी पी. नळ जरा कललाय. मी विचारलं तर ही म्हणाली, असाच हवा होता. तुम्हा दोघींच्या मध्ये पडायचं नाही, एवढी अक्कल मला इतक्या वर्षांत आली आहे.

तिच्या मनातलं विचारतेस, तर खोलीच्या रंगावरून तिने मला सळो की पळो करून सोडलंय. आता यातून काय ते तूच काढ. अनुमान काढणं तुझ्याकडे, पाट्या टाकणं माझ्याकडे.

रागावलीस तरी लोभातून नाव कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

१५ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला, पाणी न पिता. कानावर टोपी ओढून नाक्यावर उभ्या राहिलेल्या उडाणटप्पूसारखा तो नळ दिसतो आहे. जन्मभर मी भूमिती शिकवली, आणि माझ्याच डोक्यावर हे. एका अंशाचाही कल नको असे बजावल्यावर इतका कल कोणी चुकून देत नाही. त्यावर 'असाच हवा होता' हे उत्तर तर मला पोहोचावे म्हणूनच दिलेले दिसते. ते पोहोचले.

जिथे एक नळ सरळ उभा करण्याइतकी आस्था नाही, तिथे मी कोणत्या भरवशावर यावे? वसतिगृहाच्या होकाराचे पत्र लिहून तयार आहे. दोनदा टपालपेटीपर्यंत जाऊन आले. दुसऱ्यांदा तर पाकीट घरीच राहिले होते.

राग मानू नये. मानल्यास कळवू नये.

ताई

१९ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

यांनी तुमचं पत्र लपवलं होतं. लपवण्यात हे कच्चे आहेत.

तुम्ही लिहिलं होतंत, नळ छपराला लंब असावा. जमिनीला नाही, छपराला. आपलं छप्पर उतरतं आहे. उतरत्या छपराशी काटकोन करायचा तर नळ कलणारच. प्लंबर म्हणाला, बाई, नळ उभाच काढतात, असा काढला तर लोक मला हसतील. तुम्हाला उभाच म्हणायचंय, हे मलाही कळत होतं. तरी मी पत्र त्याच्या पुढ्यात धरलं आणि सांगितलं, गुण्या लावून बसव, एका अंशाचा फरक चालणार नाही.

का, ते ऐका. लग्न होऊन आले त्या वर्षी मी तुमचं पुस्तकांचं कपाट हौसेने आवरलं होतं. पाहुण्यांसमोर तुम्ही एकेक पुस्तक काढून परत लावलंत आणि म्हणालात, न विचारता शहाणपण करू नये. तेव्हापासून तुमच्या कामात मी स्वतःच्या मनाने काही करत नाही. वाटायचं, तुमच्या शब्दाने चाललं की सुटेन. यंदा तसं चालूनही सुटले नाही, म्हणून हे लिहायचा धीर आला.

नळ मी सरळ करून घेणार नाही. तो गळत नाही, वास येऊ देत नाही. शिवाय तो सरळ झाला की तुम्हाला खिडकीची कडी खटकेल, मग जिन्याचा कठडा. यायचं नसेल तर तसं लिहा, नळावर खापर फोडू नका.

आणि तुम्ही मला हव्या आहात का, हे यांना काय विचारता? हे दिवसभर बाहेर. दुपारच्या चहाला घरात तुम्ही आणि मीच असणार. मला विचारा. तुमची भीती वाटते, ती लपवत नाही. पण ज्याची भीती वाटते त्याच्याबरोबर चहा पिता येत नाही, असं थोडंच आहे.

लोभ किती ते तुम्हीच मोजा. तुमचं माप बारीक.

आपली,
भावजय

२३ जून

चि. सौ. भावजयीस,
अनेक उ. आ. वि. वि.

स्वतंत्रपणे तुला लिहिलेले हे माझे पहिलेच पत्र. आजवर तुझ्या नवऱ्याच्या पत्राच्या तळाशी, आशीर्वादाच्या अर्ध्या ओळीत, मी तुला बसवत आले.

तू लिहिलेस आणि माझे वाक्य मला शब्दशः आठवले. वर्गात नुसते 'लंब' म्हणणाऱ्याला मी 'कशाला लंब?' हे सांगितल्याशिवाय बसू देत नसे. मी 'कशाला' तेही लिहिले, आणि तेच चुकले. नळ बिनचूक आहे. त्याला कोणी हात लावू नये. प्लंबरला कोणी हसले, तर त्याने खुशाल माझे नाव सांगावे.

कपाटाचा प्रसंग मला आठवत नाही. मला आठवतही नाही, हे त्या प्रसंगापेक्षा वाईट आहे.

तू विचार म्हणालीस, म्हणून विचारते. मी तुला हवी आहे का? रीतीप्रमाणे उत्तर येईपर्यंत थांबायला हवे. पण थांबणे आता माझ्याने होत नाही. वसतिगृहात स्वतः जाऊन खोली नको म्हणून सांगून आले. शनिवारच्या गाडीने निघते आहे. उत्तर काहीही असले तरी ते तुझ्या तोंडून ऐकायचे आहे.

हे मधल्या जागेत मागाहून लिहिते आहे: खाली एक शब्द खोडलेला दिसेल. 'येऊन पाहते' असे लिहिले होते, त्यातले 'पाहते' काढले आणि 'येऊन'चे 'येते' केले. सवयीने शुद्ध प्रत काढायला घेतली होती, ती फाडली. खोड तुला दिसू दे.

कळावे. येते.

तुझी,
वन्सं