‘गढी’च्या नियमांची निरवानिरव

मी शेषराव संपत पडघान, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा अर्जनवीस (आता बंद), राहणार चिखली, जिल्हा बुलढाणा, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. साखर आहे, मोतीबिंदू काढला आहे, पण काय लिहितो ते मला कळते. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. मला कोणी धमकावले नाही, दारू पाजली नाही, गोड बोलून कोऱ्या कागदावर सही घेतली नाही. मोताळा तहसीलसमोर टेबल टाकून मी एकतीस वर्षे लोकांची मृत्युपत्रे लिहिली. आज स्वतःचे लिहायला बसलो तर दोन कागद वाया गेले आहेत.

१. घर. चिखलीतले चार खोल्यांचे घर माझ्या कमाईचे आहे, वडिलोपार्जित नाही. ते मी माझी सून सौ. पूनम दीपक पडघान हिला देतो. माझी पत्नी कै. वच्छलाबाई अडीच वर्षे अंथरुणाला खिळली होती, तिचे सगळे पूनमने केले. मुलगा दीपक दारातूनच "कशी हायेस आई" विचारून पुढे जात असे. दीपकने त्या घरात राहावे, पूनम ठेवील तोवर.

२. ‘गढी’. हे कलम लांबणार आहे.

सत्त्याऐंशी साली तहसीलदार साहेब दौऱ्यावर गेले की पक्षकार दिवसदिवस कडुनिंबाखाली बसून राहत. त्यांच्यात देऊळघाटचा शेख हैदर होता. धंदा खरादीचा, म्हणजे लाकूड फिरवून बाजेचे पाय, लाटणी, पाळण्याचे खांब करायचे. सासुरवाडीच्या जमिनीच्या फेरफारासाठी तो चकरा मारत होता. त्या रिकाम्या वेळात आम्ही दोघांनी एक खेळ बसवला. पोत्यावर कोळशाने आखलेला पट, मधे गढी, एक जण आत, दुसरा वेढा घालून बाहेर. मोहरे हैदरने खरादावर काढले, नियम मी लिहिले. बारा पानांची नियमपुस्तिका सायक्लोस्टाइल करून मोताळ्याच्या बाजारात फुकट वाटली. लोक खेळले. मास्तर, कंडक्टर, कापसाचे दलाल, पार मलकापूरपर्यंत. पोट कोणाचेच त्यावर नव्हते, नुसती हौस.

पुढे दीपक यात उतरला. खेळ डब्यात घातला, रंगीत पट छापला, चिखलीत दर जानेवारीला स्पर्धा सुरू केली. तोवर मला अभिमानच होता. मग एक दिवस जेवताना म्हणाला, "बाबा, डबा मानूस एकदाच घेते. नियम दरवर्षी इकता येतात."

झाले, सुधारित आवृत्ती! किंमत दोनशे चाळीस. स्वार या मोहऱ्याला एका चालीत तीन घरे होती, चार केली. पुढच्या वर्षी परत तीन. गढीचा दरवाजा उजवीकडून डावीकडे नेला, त्याचेही दोनशे चाळीस. आणि नवी पुस्तिका हातात नसेल तर स्पर्धेत टेबलावर बसू द्यायचे नाही. अशा सहा आवृत्त्या काढल्या. सिंधूताई म्हस्के नावाच्या शिक्षिकेने शाळेतल्या मुलींसाठी पुस्तिकेची झेरॉक्स काढली, तर तिला वकिलाची नोटीस. शी! लिहितानाही शिसारी येते.

पण त्या नोटिशीचा मसुदा माझा होता. सहाही आवृत्त्या मीच लिहिल्या. वर तोंड करून थुंकलो तर ते माझ्याच तोंडावर पडणार आहे. दीपक म्हणे, "एखादी जागा मोकळी ठेवा, पुढच्या वर्षाले लागते." मी ठेवत असे, आणि ती कोणाला दिसू नये अशी ठेवण्यात मला मजा येत असे. चौथ्या आवृत्तीत, स्वार दरवाजात उभा असताना वेळ संपली तर गढी कोणाची, हे मी मुद्दाम लिहिले नाही. वर्षभर ठिकठिकाणी भांडणे झाली. मलकापूरला दोन साडूंनी बोलणे टाकले. पाचव्या आवृत्तीत मी ते एक वाक्य घातले आणि दीपकने पुन्हा सगळ्यांना पुस्तिका विकली.

हे तो माझ्याच टेबलाजवळ शिकला. अर्जनविसांची एक रीत असते. सगळ्यांची नसते, माझी होती. अर्जात एक त्रुटी ठेवायची. गट नंबर टाकायचा, पोटहिस्सा सोडायचा. अर्ज शेरा घेऊन परत येतो, त्याच्यामागे माणूस परत येतो, आणि लिहिण्याची फी पुन्हा मिळते. हैदरचा अर्जही मी असाच अकरा वेळा परत आणवला. त्याला हे कधी सांगितले नाही. दीपकने बापाचाच धंदा मोठा केला.

पुस्तिकेचे पैसे घेऊच नयेत असे माझे म्हणणे नाही. कागद-शाई फुकट येत नाही, आणि ज्याने डोके चालवले त्याने उपाशी का राहावे? खरोखर काही नवे लिहिले असेल तर खुशाल मोल घ्यावे, ज्याला हवे तो घेईल. पण चूक आपली आणि दुरुस्तीचे पैसे त्याचे? तीही आपण मुद्दाम ठेवलेली चूक? आणि नाही घेतली तर त्याला त्याच्याच हौसेतून उठवायचे? याला धंदा म्हणत नाहीत, हलकटपणा म्हणतात.

३. गेल्या वर्षीची गोष्ट. १९ जानेवारी २०२५ रोजी स्पर्धेला हैदर आला. खिशात ती जुनी बारा पानी पुस्तिका. पट मांडून बसला. दीपक माईकवरून म्हणाला, "जुन्या पुस्तिकेवर बसता येनार नाही, चाचा. नवी घ्या, नाहीतर टेबल खाली करा." हॉलमधल्या प्रत्येक मोहऱ्याचा घाट ज्याच्या हातचा, तो एकाहत्तर वर्षांचा माणूस सगळ्यांदेखत उठला आणि चपला घालून निघून गेला. मी मंचावर गळ्यात हार घालून बसलो होतो. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही आणि मला त्याच्याकडे जायचे तोंड नव्हते.

४. हक्क. ‘गढी’चे हक्क मी दीपकला कधी लिहून दिले नाहीत. बापाचे ते आपलेच, असे त्याने धरले. माझा हक्क मी कोणा एकाला देत नाही, सगळ्यांसाठी सोडतो. हैदरनेही आपला सोडला; वर्षभराने काल मी त्याला फोन करून विचारले, तर "सोड बे, फुकटच होतं" म्हणाला. परिशिष्टात पूर्ण नियम जोडले आहेत, एकही जागा मोकळी नाही. कोणीही छापावेत, झेरॉक्स करावी, मोबाईलमध्ये फोटो काढावा, वाटल्यास बदलावेत. जुन्या नियमांवर खेळणाऱ्याला मात्र टेबलावरून कोणी उठवू नये. माझ्या बँकेतल्या ठेवीतून, जो कोणी दुसरी ते सातवी यांतली आवृत्ती परत आणील त्याला तिचे पैसे द्यावेत. उरले तर पूनमचे.

५. टाइपरायटर सिंधूताईंना, नोटिशीबद्दल माफी मागून. ‘ळ’ अडकतो, जोरात मारावा.

६. माळ्यावरच्या न विकलेल्या नियमपुस्तिका, खोकी अकरा, चि. दीपक यास. रद्दीवाला नऊ रुपये किलो म्हणतो. घासाघीस करावी, ती त्याला येते.

७. हैदर. त्याला काय ठेवावे ते सुचेना, म्हणून आज बुलढाण्याला गाडी बदलून देऊळघाटला गेलो. त्याच्या बायकोने, अजीजुन्निसाभाभीने, चहा ठेवला. हैदर ओट्यावर बसला होता.

"काऊन आलास बे?"

म्हटले, मृत्युपत्राला साक्षीदार पाहिजे. त्याने चष्मा लावून वरची सहाही कलमे वाचली. अर्जाच्या त्या अकरा वेळांपाशी थांबला.

"हे मले तिसऱ्याच खेपेले समजलं होतं."

"मग येत काऊन होता?"

"डाव अर्धा राहे ना बे."

मी रडलो. लपवण्यासारखे त्यात काही नाही. त्याने रडू दिले आणि मग कागद माझ्या मांडीवर टाकला.

"आन् हे तू मेल्यावर वाचतीन? मले मानसात उठवलं, तवा तू जित्ता होता. तोंडाले कुलूप होतं काय? मले काही ठेवू नको. माईकवरून उठवलं, माईकवरूनच वाच. मंग सही करतो."

खरे सांगायचे तर मला भीती वाटते. मी दीपकच्या ताटातले खातो, माझ्या गोळ्या तो आणतो, रात्री छातीत दुखले तर गाडी त्यालाच काढावी लागेल. म्हणूनच मी मृत्युपत्र लिहायला घेतले. मेलेल्या माणसाचे जेवण आणि गोळ्या कोणी बंद करू शकत नाही. हैदरने माझे भेकडपण बरोबर पकडले.

८. म्हणून शेवटचे कलम. हा कागद मी स्वतः, जिवंतपणी, १८ जानेवारी २०२६ रोजी चिखलीच्या स्पर्धेत पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचीन. त्यानंतरच माझी व साक्षीदारांची सही होईल. मला वाचणे झाले नाही तर हा कागद फाडावा, आणि शेषराव पडघान जसा जगला तसाच गेला, असे समजावे.

स्थळ : चिखली, स्पर्धेचा हॉल
दिनांक : १८ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार : शेषराव संपत पडघान (सही)

साक्षीदार पहिली : सिंधूताई म्हस्के, शिक्षिका, चिखली. वाचन व सही माझ्यासमक्ष झाली. (सही)

साक्षीदार दुसरा : शेख हैदर शेख चांद, देऊळघाट. दुसऱ्या कलमातच दीपकनं माईकची वायर काढली. बाकीचं यानं वरडून वाचलं. शेवटल्या अक्षरापर्यंत खाली बसला नाही. मी टेबलावर बसून सही करून राह्यलो, मले कोनी उठवलं नाही. (सही)