कोऱ्या चकत्या

३ फेब्रुवारी

कोऱ्या चकत्या पुन्हा नासल्या! एकूण एक. हे त्या शहाणीचंच काम. शहाणी म्हणजे माझ्या टेबलापलीकडची मॅडम. नाव मी ठेवलंय, या वहीबाहेर गेलेलं नाही.

काम किती साधं. नखाएवढी प्लॅस्टिकची चकती, अर्धीवर बोरॉनचा लेप, अर्धी उघडी. मंद न्यूट्रॉन उघड्या अर्ध्यातून निमूट निघून जातो. लेपात सापडला की तिथून अल्फा कण सुटतो आणि तो प्लॅस्टिकला ओरखडतो. मग लेप धुवायचा, चकती गरम कॉस्टिक सोड्यात ठेवायची. ओरखड्याचा खड्डा होतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. न्यूट्रॉन सोडणाऱ्या मशीनपासून लांब ठेवलेली चकती कोरीच निघायला हवी. ती कोरी नसेल तर मशीनजवळच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवील? सगळी उमेद या लेपात घातलीय मी, आणि हिला तो बुडालेला बघायचाय.

५ फेब्रुवारी

आज मला शिकवायला आली. ‘दोन्ही अर्ध्या खड्ड्यांनी सारख्याच भरल्यात. न्यूट्रॉन असते तर लेपाखालीच दिसले असते. हे हवेतून आलंय. कुठं ठेवता तुम्ही कोऱ्या चकत्या?’

सांगतोय मी! कपाटाला दोन किल्ल्या, एक हिच्याकडे. म्हणूनच तर चकत्या घरी ठेवतो, डब्याच्या पिशवीतून नेतो, कुणाला पत्ता नाही. सोड्यात घालायच्या वेळी मात्र तिच्या हाती जातात. तिथंच डाव साधते. म्हटलं, हवा तुमच्या डोक्यात गेलीय. तर म्हणते, ‘निदान हवाबंद पाकिटात तरी ठेवा.’ अजिबात नाही. मशीनजवळची चकती उघडी असते, तर कोरीही उघडीच राहणार. हा माझा नियम आहे.

६ फेब्रुवारी

तिच्याशी बोललो नाही. दिवस बरा गेला.

१० फेब्रुवारी

साहेबांकडे लेखी तक्रार केली. तिला या कामावरून काढा, नाहीतर मला. साहेब नाकावरचा चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, ‘एकदाचा सोक्षमोक्ष लावू. पुढची खेप तुम्ही एकट्यानं करा. मॅडम खोलीत पाऊल ठेवणार नाहीत. कोऱ्या निघाल्या, तर त्यांची बदली करतो.’

ती ऐकत होती. चेहरा उतरला. चोराच्या मनात चांदणं!

११ फेब्रुवारी

नवी खेप घरी आणली. खालच्या खोलीत, बायकोच्या उशाशी फळीवर ठेवली, डबी उघडी. मांजराएवढीही माझी चौकशी न करणारी ही आज विचारती झाली, ‘हे काय?’ म्हटलं, हात लावू नकोस. म्हणाली, ‘तुमच्या कशाला हात लावते मी आताशा?’

ही जीभ! दोन वर्षांपूर्वी याच जिभेपायी भांडण झालं आणि ही आपली गादी घेऊन खाली गेली. ‘तुमच्या धुसफुशीपेक्षा खालची ओल परवडली.’ परवडू दे. ती खोली अर्धी जमिनीत, खाली नुसता खडक, फरशीला भेगा. मी एकदाही वर ये म्हटलं नाही. म्हणणारही नाही.

२० फेब्रुवारी

धुरांडं आज पुन्हा कुंपणाशी सिगारेट फुंकत उभं. शेजारी मिळावा तर असा! पूर्वी त्याचा धूर खालच्या खिडकीतून थेट घरात यायचा. शेवटी मी खिडकीला फळ्या ठोकल्या, फटी सिलिकॉननं बुजवल्या. आता धूर सोडा, मुंगीसुद्धा शिरत नाही. ही तेव्हा म्हणाली होती, ‘मला गुदमरायला होतं.’ हिला कशानं होत नाही?

४ मार्च

शहाणी जिन्यात भेटली. म्हणाली, ‘माझी बदली झाली तर म्हातारी आई एकटी पडेल. एवढं सांगा, चकत्या कुठं ठेवल्यात?’ मी सरळ खाली उतरलो.

११ मार्च

आज सोडा मी तापवला, चकत्या मी घातल्या, मी काढल्या, मी धुतल्या. दाराला आतून कडी. साहेब बाहेर बसलेले.

भरलेल्या निघाल्या. देवीच्या व्रणांसारखे खड्डे, दोन्ही अर्ध्यांवर सारखेच.

पुन्हा पाहिलं. दुसरी लावली, तिसरी लावली. तेच. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. शिव्या द्यायलासुद्धा कुणी उरलं नाही.

दार उघडलं. शहाणी उभीच होती. कुत्सितपणे हसेल असं वाटलं, तर नाही. परत तोच प्रश्न, पण हळू. ‘कुठं ठेवल्या होत्या?’

‘घरी,’ म्हटलं. ‘खालच्या खोलीत.’

‘खिडकी आहे?’

‘बुजवलीय.’

पुढचं तिनं सांगायची गरज नव्हती. खडकातून रेडॉन वायू झिरपतो, भेगांतून वर येतो, बंद खोलीत साचतो. तोही अल्फाच सोडतो. लेप असो नसो, त्याला फरक पडत नाही. हे मी नव्या पोरांना फळ्यावर शिकवतो. श्वासातून फुप्फुसात जातो, कॅन्सर करतो, हेही शिकवतो.

मग तिनं विचारलं, ‘त्या खोलीत कुणी राहत नाही ना?’

चकत्या तिथं महिनाभर होत्या. बायको दोन वर्षं आहे.

१२ मार्च

खिडकी फोडली. पहार धुरांड्याकडून मागून आणली, त्यानं काही न विचारता दिली आणि फळ्या काढायला स्वतःही लागला. हिची गादी मी उचलली, म्हटलं, वर चल. आत्ता.

ही जागची हलली नाही. म्हणाली, ‘का? तुमच्या चकत्या खराब होतात म्हणून?’